प्लग-इन हायब्रिड मिनीव्हॅन घरी आली: पहिल्या वर्षाचं गणित, सवयी आणि खाचाखोचा

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, त्यातही न्यू जर्सीसारख्या थंडीच्या राज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. दोन मुलं, आलटून पालटून सहा-सहा महिने राहायला येणारे आई-बाबा आणि दर महिन्याला कुणाला तरी नेवार्क किंवा जेएफके विमानतळावरून आणायचं, असं घर असलं की गाडीचा शोध शेवटी मिनीव्हॅनपाशी येऊन थांबतो. प्लग लावता येणारी मिनीव्हॅन म्हटलं तर २०१७ च्या मॉडेलपासून इथे एकच नाव होतं, क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिड. म्हणून उदाहरणं तिची घेतली आहेत. टोयोटा रॅव्ह-फोर प्राइम किंवा मित्सुबिशी आउटलँडर असेल तरी बहुतेक गोष्टी तशाच. फरक आहे तिथे सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. भारतात फोनवर सांगितलं की काका म्हणतात, "म्हणजे आमच्या हायक्रॉससारखी!" तशी नाही. इनोव्हा हायक्रॉस काय किंवा इथली टोयोटा सिएना काय, त्यांची छोटी बॅटरी गाडी चालता चालता स्वतःच भरते. त्यांना प्लग नाही. पॅसिफिका हायब्रिडमध्ये १६ युनिटांची बॅटरी आहे (युनिट म्हणजे किलोवॉट-अवर, वीजबिलावर असतं तेच), ती भिंतीतून भरायची. सरकारी चाचणीप्रमाणे भरलेल्या बॅटरीवर ती ३२ मैल जाते आणि नंतर गॅसवर, म्हणजे पेट्रोलवर, साध्या हायब्रिडसारखी चालते. रॅव्ह-फोर प्राइमची बॅटरी १८.१ युनिटांची आणि पल्ला ४२ मैलांचा. काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चार्जिंग संपलं तर? काही होत नाही. इंजिन चालू होतं आणि तुम्ही पुढे जाता.

घेण्याआधी: रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे प्लग आहे का?

नसेल तर ही गाडी घेऊ नका. "ऑफिसमध्ये चार्जर आहे की", "दुकानाबाहेर लावू की" हे पहिला महिनाभर होतं. मग एखाद्या दिवशी ऑफिसचा चार्जर मोकळा नसतो, एखाद्या दिवशी घरून काम असतं, आणि गाडी नुसती जड हायब्रिड म्हणून फिरते. अपार्टमेंटमध्ये राहत असाल आणि पार्किंगमध्ये वीज नसेल तर सिएना घ्या, तिला सरासरी ३६ मैलांचं मायलेज आहे. पॅसिफिका हायब्रिडला बॅटरी संपल्यावर ३०. टाउनहाउस असेल तर आधी असोसिएशनचे नियम वाचा. गॅरेज तुमचं असलं तरी ड्राइव्हवेवर केबल टाकायला किंवा बाहेरच्या भिंतीवर चार्जरचा डबा बसवायला लेखी परवानगी लागू शकते.

वापरलेली घेणार असाल, आणि बरेच जण वापरलेलीच घेतात, तर किमतीवर बोलण्याआधी गाडीचा १७ अक्षरांचा व्हिन नंबर एनएचटीएसए या वाहनसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. फेब्रुवारी २०२२ मध्ये २०१७-१८ च्या जवळपास २० हजार पॅसिफिका हायब्रिड आगीच्या धोक्यामुळे परत बोलावल्या होत्या आणि मालकांना गाडी घरापासून लांब, बाहेर उभी करा आणि चार्ज करू नका असं सांगितलं होतं. रिकॉलचं काम झालेलं असेल तर डीलरकडून कागद मागून घ्या, न झालेलं असेल तर करून घेतल्याशिवाय ताबा घेऊ नका. काम फुकट असतं. दुसरं, बॅटरीची वॉरंटी किती उरली आहे ते बघा. इथे हायब्रिड बॅटरीला साधारणपणे किमान ८ वर्षं किंवा १,००,००० मैल मिळतात, काही कंपन्या आणि काही राज्यांत त्याहून जास्त. तिसरं, चाचणीला जाताना "गाडी पूर्ण चार्ज करून ठेवा" असं आदल्या दिवशी सांगा. पूर्ण चार्जवर दाखवलेला पल्ला आणि प्रत्यक्ष पहिल्या दहा मैलांत तो किती खाली आला, हे दोन आकडे विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा उपयोगाचे आहेत.

कुणी अजून ७,५०० डॉलरच्या टॅक्स क्रेडिटचं सांगत असेल तर ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. कॅलिफोर्नियातली, कारपूल लेनमधून एकट्याने जाऊ देणारी स्टिकरंही त्याच दिवशी बंद झाली.

वीज स्वस्त की गॅस? बाराने भागा

"वीज म्हणजे जवळजवळ फुकट" असं समजून लोक गाडी घेतात. इथल्या विजेचे दर बघता ते खरं नाही, आणि हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या बिलावर करायला हवा.

वीजबिल उघडा. त्यात सप्लाय आणि डिलिव्हरी असे दोन भाग असतात. बरेच जण फक्त सप्लायचा दर बघतात आणि खूश होतात. दोन्हींची बेरीज करा, महिन्याचा ठरीव आकार वजा करा आणि उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागा. आला तो तुमचा खरा दर.

आता गाडी. सरकारी आकड्याप्रमाणे पॅसिफिका हायब्रिड १०० मैलांना ४१ युनिट घेते. म्हणजे ३२ मैलांना साधारण १३. तुमचा दर २० सेंट असेल तर ३२ मैलांचे २ डॉलर ६० सेंट. तेच ३२ मैल तिच्याच इंजिनावर, गॅलनला ३० मैलांच्या हिशेबाने आणि ३ डॉलरच्या गॅसने, ३ डॉलर २० सेंट. फरक साठ सेंटचा! दर ३० सेंट असेल, बॉस्टनकडे किंवा कॅलिफोर्नियात असतो तसा, तर वीज ३ डॉलर ९० सेंटला पडते आणि गॅस चक्क स्वस्त ठरतो.

सोपा नियम असा: गॅलनचा भाव १२ ने भागा. ३ डॉलर भागिले १२ म्हणजे २५ सेंट. तुमचा विजेचा दर याहून कमी असेल तर प्लग लावा. रॅव्ह-फोर प्राइमसाठी साडेतेराने भागा, कारण ती गॅसवरही जास्त चालते. बाहेरच्या चार्जरवर युनिटला ४५ सेंट लिहिलेले दिसले की या नियमाप्रमाणे पुढे चला. गाडीला त्याची गरजच नाही. फुकट असेल तर गोष्ट वेगळी.

मग बचत होते कुठे? साध्या, बिन-हायब्रिड पॅसिफिकाला गॅलनला २२ मैल मिळतात, म्हणजे तेच ३२ मैल ४ डॉलर ३६ सेंटला. तिच्याशी तुलना केली तर २० सेंटच्या विजेवर दिवसाला पावणेदोन डॉलर वाचतात. जुनी मिनीव्हॅन काढून ही घेत असाल तर हाच आकडा तुमचा. रात्रीचा स्वस्त दर देणारी योजना तुमच्या वीजकंपनीकडे असेल तर हिशेब आणखी बदलतो, पण अशी योजना घेताना दिवसाचा दर किती वाढतो तेही बघा. आई-बाबा घरी असले की उन्हाळ्यात एसी दिवसभर चालतो.

पैशापलीकडचं सुख वेगळं आहे. सकाळी शाळेच्या रांगेत इंजिन न घुरघुरता उभं राहणं, गॅस स्टेशनला दोन-तीन आठवड्यांतून एकदाच जाणं. त्याची किंमत ज्याने त्याने ठरवावी.

प्लग: महागडा डबा लागतोच असं नाही

गाडीबरोबर एक केबल येते, ती घरातल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लागते. १२ अँपिअरने ओढली तर साधारण १.४ किलोवॉट मिळतात आणि रिकामी पॅसिफिका भरायला बारा ते चौदा तास. संध्याकाळी सातला लावली तर सकाळी सात-आठपर्यंत होते. बऱ्याच घरांचं एवढ्यात भागतं, म्हणून आल्या आल्या इलेक्ट्रिशियनला बोलावू नका. महिनाभर असंच चालवून बघा.

मात्र त्या सॉकेटवर दुसरं काय आहे ते शोधा. आपल्याकडे गॅरेजमध्ये दुसरा फ्रीज किंवा डीप फ्रीजर असतो, त्यात मटार, नारळाचा चव, भारतातून आलेली पुरणपोळी. तोच ब्रेकर आणि त्याच सॉकेटवर गाडी लावली की रात्री कधीतरी ब्रेकर पडतो आणि सकाळी गाडी अर्धवट, फ्रीजर पाणी. पॅनेलपाशी एकाने उभं राहून ब्रेकर बंद करायचा आणि दुसऱ्याने गॅरेजमध्ये काय काय बंद झालं ते ओरडून सांगायचं, पाच मिनिटांचं काम आहे. शक्य असेल तर गाडीला स्वतंत्र सर्किट द्या. १५ अँपिअरच्या सर्किटवर तासन्तास १२ च्या वर ओढायचं नाही, हा इथल्या वायरिंगचा नियम आहे.

पहिल्या रात्री तासाभराने खाली जाऊन प्लगला हात लावा. कोमट चालेल. हात धरवत नसेल इतका गरम असेल तर लगेच काढा. सॉकेटच्या पकडी सैल झाल्या आहेत, तो बदलावा लागेल. नवा जाड, चांगल्या प्रतीचा सॉकेट बसवायला फार खर्च येत नाही. एक्स्टेंशन वायर अजिबात नको, ड्राइव्हवे कितीही लांब असला तरी.

महिनाभरानंतर चौदा तास पुरत नाहीत असं वाटलं तर २४० व्होल्टचा विचार करा. इथे विकणारे तुम्हाला ४८ अँपिअरचा चार्जर आणि ६० अँपिअरचं सर्किट सांगतील. ते पूर्ण इलेक्ट्रिक गाडीसाठी. पॅसिफिका ६.६ किलोवॉटच्या वर घेऊच शकत नाही आणि रॅव्ह-फोर प्राइमची साधी आवृत्ती तर ३.३ च्या वर नाही. २० अँपिअरच्या सर्किटवर १६ अँपिअरचा चार्जर लावला तरी ३.८ किलोवॉट मिळतात आणि गाडी चार तासांत भरते. जुन्या पॅनेलमध्ये जागा कमी असेल तर पॅनेल बदलण्याचे हजारो डॉलर इथेच वाचतात. टाउनशिपचा परवाना मात्र काढा. घर विकताना किंवा विम्याचा प्रश्न आला की बिनपरवाना वायरिंग नडतं.

टेस्लाचे सुपरचार्जर या गाड्यांना चालत नाहीत. आउटलँडरसारखे अपवाद सोडले तर जुन्या प्लग-इन हायब्रिडना जलद डीसी चार्जिंगच नाही, तेव्हा टर्नपाइकवर (टोलच्या हायवेवर) चार्जर शोधत बसू नका.

प्लग कोण लावणार?

हे आधी ठरवून घ्या, हसू नका. ज्या घरात "तू लावलास वाटलं" असं होतं त्या घरात ही गाडी वाया जाते. चालणारा नियम एकच: गाडी शेवटची घरी आणणारा माणूस प्लग लावल्याशिवाय आत येत नाही. मूल गाडीत झोपलेलं असलं, हातात पटेल ब्रदर्सच्या सहा पिशव्या असल्या तरी. आधी पिशव्या आत टाका, मग परत येऊन लावा म्हटलं की राहिलंच.

ते सोपं व्हावं म्हणून गाडीच्या दाराजवळ, खांद्याच्या उंचीवर केबलसाठी हुक ठोका. पॅसिफिकाचं चार्जिंगचं झाकण ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या चाकावर आहे, म्हणून गॅरेजमध्ये नाक पुढे करून लावली तर केबल समोरच्या भिंतीवरून लगेच पोचते. रॅव्ह-फोरचं मागे उजवीकडे, तिला उलटी लावावी लागेल. गन (केबलचं गाडीत लावायचं टोक) आत सारली की खटका बसल्याचा "टक" असा आवाज यायला हवा, आणि डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायला लागला की मगच पाठ फिरवा. खटका न बसता नुसती अडकवलेली गन सकाळी तशीच लोंबत सापडते.

आई-बाबांना दाखवून ठेवा. बाबांना हे काम आवडतं, असा सर्वत्र अनुभव आहे. फक्त "पावसात शॉक बसेल का?" या प्रश्नाचं उत्तर आधीच द्या: गन गाडीत नीट बसल्याशिवाय तिच्यात वीज सोडलीच जात नाही, पावसात लावायला हरकत नाही. केबलचा भिंतीकडचा प्लग पाण्यात पडू द्यायचा नाही, एवढंच.

इंजिन मध्येच का चालू झालं?

नव्या मालकांचा पहिल्या महिन्यातला सगळ्यात मोठा वैताग हा. बॅटरी भरलेली, तरी इंजिन सुरू. गाडी बिघडलेली नसते. कारणं साधारण अशी:

थंडी. बाहेर कडाक्याची थंडी असेल आणि हीटर लावला असेल तर आतली ऊब आणि काचेवरची वाफ काढण्यासाठी इंजिन लागतं. त्यावर पुढे बोलू.

जोर. टर्नपाइकवर शिरताना पाय पूर्ण दाबला तर नुसती मोटर पुरत नाही.

जुना गॅस, जुनं ऑइल. इंजिन आठवडेच्या आठवडे चाललं नाही तर टाकीतला गॅस शिळा होतो आणि ऑइलमध्ये ओल साचते. म्हणून पॅसिफिका अधूनमधून स्वतःहून इंजिन चालवून घेते. स्क्रीनवर इंधन आणि ऑइल ताजं करत असल्याचा संदेश येतो. रोज पाच-सहा मैलच चालवणाऱ्या घरांत हे जास्त दिसतं. अशा वेळी थांबत थांबत छोट्या फेऱ्या मारत बसलात तर ते लांबत जातं. एकदा सलग तासभर हायवेवर फिरवून आणा, बऱ्याचदा सुटका होते. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जाऊन या.

रॅव्ह-फोरमध्ये इलेक्ट्रिक आणि हायब्रिड यांत बदल करायचं बटण आहे. त्याचा उपयोग असा: लांब जायचं असेल तर हायवेवर हायब्रिड लावा आणि बॅटरी शेवटच्या गावातल्या सिग्नलांसाठी राखा. साठच्या वर वेगात बॅटरी भराभर जाते, इंजिन मात्र तिथेच सगळ्यात नीट चालतं. पॅसिफिकामध्ये असं बटणच नाही. ती आधी बॅटरी संपवते आणि मग हायब्रिड होते, तुम्ही काही करू शकत नाही. ही तिची खरी उणीव आहे, पण गावातल्या गावात वापरणाऱ्याला ती जाणवत नाही. काही गाड्यांत इंजिनाने बॅटरी भरायचं बटण असतं, ते विसरून जा. गॅस जाळून वीज करायची आणि ती पुन्हा चाकाला द्यायची, यात नुसतं नुकसान.

अजून एक. पूर्ण भरलेल्या बॅटरीने घरून निघालात आणि लगेच उतार असेल तर ब्रेक नेहमीपेक्षा वेगळा लागतो, कारण ब्रेकची वीज साठवायला बॅटरीत जागा नसते. दोन मैलांनी पूर्ववत होतं.

हिवाळा

ऑक्टोबरात ३५ मैल दाखवणारी गाडी जानेवारीत २२-२४ दाखवते. बॅटरी खराब झाली नाही. थंडीत बॅटरी कमी देते आणि हीटर त्यातलीच वीज खातो. मार्चनंतर आकडा परत वर येतो.

यावर खरा उपाय म्हणजे निघण्याआधी, गाडी प्लगवर असतानाच, आतून गरम करून घेणं. ॲपमधून किंवा चावीच्या बटणाने निघण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी सुरू करा. ऊब बरीचशी भिंतीतल्या विजेवर येते, बॅटरी कमी खर्च होते, आणि मुलं जाड जॅकेट न घालता कार-सीटमध्ये नीट बांधली जातात. जॅकेटवरून पट्टा बांधणं धोक्याचं आहे, म्हणून हा फायदा पैशापेक्षा मोठा मानतो. मात्र गाडी बंद गॅरेजमध्ये असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: थंडी जास्त असली तर रिमोटने सुरू केल्यावर इंजिनही चालू होऊ शकतं. धूर घरात शिरतो. गॅरेजचं दार उघडं असलं तरी गाडी आत असताना इंजिन चालू देऊ नका, आणि गॅरेजला लागून असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना ते बघा.

चालवताना हीटर दोन अंश कमी ठेवून सीट आणि स्टिअरिंगचे हीटर लावा. त्यांना फार थोडी वीज लागते. मागे आजी बसली असेल तर हा उपदेश बाजूला ठेवा आणि हीटर लावा. आजीला गार लागू देऊन वाचवलेले चाळीस सेंट कुणाला हवेत!

गाडी बाहेर उभी असेल तर बर्फाच्या पावसाच्या रात्री झाकणात आणि गनच्या खटक्यात बर्फ गोठतो. ओढाताण केली तर खटका तुटतो. कोमट हाताने किंवा हेअर ड्रायरने सोडवा, उकळतं पाणी नको. फावड्याने बर्फ काढताना बर्फाखाली केबल आहे हे आठवणीत ठेवा. स्नो ब्लोअर चालवायला कुणाला बोलावत असाल तर त्याला सांगून ठेवा.

गॅस भरताना

न्यू जर्सी हे आता एकमेव राज्य आहे जिथे गॅस स्वतः भरायला बंदी आहे, गॅस स्टेशनवरचा माणूस भरतो. या गाड्यांची टाकी बंदिस्त असते, आत वाफेचा दाब साठतो, म्हणून झाकण थेट उघडत नाही. आधी डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं, मग कुकरची शिट्टी पडेपर्यंत थांबतो तसं थांबायचं. काही सेकंदांनी स्क्रीनवर तयार असल्याचा संदेश येतो आणि झाकण सुटतं. तोवर बाहेरचा माणूस नखाने झाकण उचकटत असतो. म्हणून पंपावर पोचायच्या आधी, रांगेत असतानाच बटण दाबा, खिडकी खाली करा आणि "एक मिनिट" म्हणा. बटण दाबून फार वेळ काहीच केलं नाही तर टाकी पुन्हा बंद होते, मग परत पहिल्यापासून.

टाकी कायम काठोकाठ भरू नका. महिनोन्‌महिने तोच गॅस पडून राहणार असेल तर अर्धी टाकी पुरे. मोठ्या प्रवासाच्या आदल्या दिवशी पूर्ण भरा.

सामान, सीटा आणि आई-बाबा

पॅसिफिकाच्या गॅसवाल्या आवृत्तीत मधल्या रांगेच्या सीटा जमिनीत घडी होऊन जातात. हायब्रिडमध्ये नाही जात, कारण नेमक्या त्याच खड्ड्यांत बॅटरी ठेवली आहे. सीटा काढता येतात, पण जड आहेत आणि काढून ठेवायच्या कुठे हा प्रश्न उरतोच. मागची रांग मात्र घडी होते. एअरपोर्टच्या हिशेबाने सांगायचं तर: दोघांच्या प्रत्येकी दोन २३ किलोच्या बॅगा, वर हातातल्या, आणि घरचे चौघे, हे बसवायला मागच्या रांगेचा लहान भाग पाडून उरलेल्यावर दोन्ही मुलं बसवावी लागतात. घरी एकदा रिकाम्या बॅगा लावून बघा, टर्मिनलच्या कडेला पोलीस हाकलत असताना कोडं सोडवायला नको.

मोटरवर गाडी इतकी शांत असते की चालू आहे की बंद हे कळत नाही. उतरताना बंद करा, चावी खिशात असली तरी. आणि पार्किंगमध्ये पाठीमागून येताना चालणाऱ्या माणसाला तुमचा आवाज नेहमीसारखा ऐकू येत नाही, हे धरून चाला.

नायगारा, वॉशिंग्टन अशा प्रवासात चार्जिंगचा विचारच करू नका. हॉटेलात फुकट चार्जर असेल तर रात्री लावा, पण गाडी भरली की काढा. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवाल्याला त्याची तुमच्यापेक्षा जास्त गरज असते.

देखभाल

इंजिन कमी चालतं म्हणून ऑइल बदलायचं नाही, असं नाही. मैल कमी असले तरी मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीला बदला. ब्रेक पॅड खूप टिकतात, कारण बरंचसं थांबवणं मोटर करते. पण त्याचमुळे ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तेव्हा जास्तच. अधूनमधून, मागे कुणी नसताना, जरा जोरात ब्रेक लावा.

सगळ्यात जास्त दगा देते ती साधी १२ व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही मेली की गाडी उघडायचीही पंचाईत. गाडीत छोटा जंप स्टार्टर (मेलेल्या बॅटरीला तात्पुरती वीज देणारा डबा) ठेवा, तो कसा लावायचा ते घरी, उजेडात, एकदा बघून ठेवा, आणि तीन-चार वर्षांनी बॅटरी तपासून घ्या. दुसऱ्याची गाडी तुमच्या गाडीने जंप करायची का, हे मॅन्युअल वाचल्याशिवाय करू नका. बहुतेक कंपन्या नको म्हणतात.

पॅसिफिका हायब्रिडमध्ये जादा चाक नाही. हवा भरायचा पंप आणि पंक्चर बुजवायचं द्रव्य असतं. त्याची मुदत संपते, तारीख बघा.

चार-सहा आठवडे भारतात जाताना

गाडी पूर्ण भरून प्लगवर ठेवून जाऊ नका, पूर्ण रिकामीही ठेवू नका. मोठी बॅटरी निम्म्याच्या आसपास राहू द्या. १२ व्होल्टच्या बॅटरीला गॅरेजमध्ये छोटा मेंटेनर (बॅटरी उतरू न देणारा चार्जर) लावून ठेवा. गाडी बाहेर असेल तर शेजाऱ्याकडे चावी द्या आणि दोन आठवड्यांनी एकदा अर्धा तास फिरवून आणायला सांगा, परत आलात की त्याच्यासाठी आंबा बर्फी. तुमच्याकडची दुसरी चावी घरात गाडीपासून लांब ठेवा, जवळ असली तर काही गाड्या अधूनमधून जाग्या होऊन बॅटरी खातात.

परत आल्यावर जेट लॅगमध्ये पहाटे तीनला जाग येते, तेव्हा आधी टायरची हवा बघा. पहिले पाच-सहा ब्रेक खरखर वाजतील, तो चकत्यांवरचा गंज. बॅटरी भरलेली असूनही इंजिन चालू झालं तर चालू द्या, काम झालं की ते स्वतःहून बंद होतं.